जुनी गाडी मधूनच मिसिंग करते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात गॅरेज चालवताना ज्या तक्रारीने माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला, ती ही. पूर्ण बंद पडलेली गाडी सोपी असते, कारण जे बिघडलंय ते बिघडलेलंच राहतं आणि शोधलं की सापडतं. मधूनच मिस मारणारी गाडी गॅरेजच्या दारात आली की शांत चालते. मालक बिचारा सांगत राहतो, "अहो, आत्ता येताना मारत होती!" मला त्यांचं खरं वाटतं. ती खरंच मारत असते.

खालची उत्तरं साधारण १९९० ते २०१२ या काळातल्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहेत. डिझेलचं गणित वेगळं आहे, ते इथे घेतलेलं नाही.

मिसिंग म्हणजे इंजिनात नेमकं काय होतं?

चार सिलिंडरचं इंजिन आयडलिंगला ८०० आरपीएमवर चालत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतं. म्हणजे चारही मिळून १६०० फटके. त्यातला एखादा चुकला की हाताला स्टिअरिंगवर आणि पाठीला सीटवर तो धक्का कळतो. पेटायला तीनच गोष्टी लागतात: वेळेवर करंट, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, आणि दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर गेलं की तिसरा हिस्सा ताकद जाते, म्हणून तिथे मिसिंग फार जोरात जाणवतं.

हे मिसिंगच आहे हे कशावरून ओळखायचं?

इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर, दबून बसलं की गाडी आयडलिंगला थरथरते, पण ती थरथर एकसारखी असते. मिसिंगचा धक्का मध्येच येतो. क्लच झटके देत असेल तर ते फक्त गाडी उचलताना. चाकाची किंवा टायरची भानगड वेगाबरोबर वाढते आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढला तरी राहते. मिसिंग मात्र पाय दाबला की येतं आणि काढला की बऱ्याचदा जातं.

घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. गाडी आयडलिंगला ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून बोटभर अंतरावर कागदाची पट्टी धरा. निरोगी इंजिनात ती एकसारखी बाहेर फडफडते. मिसिंग असेल तर मध्येच ढिली पडते. आणि मध्येच आत ओढली जात असेल, तर एक्झॉस्ट वाल्व्ह नीट बसत नसल्याचा संशय घ्या. मोकळ्या जागेत करा, बंद शेडमध्ये नको.

मेकॅनिकपुढे गाडी नीट का चालते?

कारण मेकॅनिकपुढे ती परिस्थितीच नसते. मिसिंग अधूनमधून होतं म्हणजे ते वाटेल तेव्हा होतं असं नाही. त्याला ठरावीक परिस्थिती लागते, आणि ती परिस्थिती कोणती हे समजलं की निम्मं काम झालं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा शंभर पानी वही गाडीत ठेवायला सांगतो. मिसिंग झालं की गाडी बाजूला घ्यायची आणि लिहायचं:

इंजिन गार होतं की काटा मध्यावर आला होता? ऊन, पाऊस की धुकं? चढ, सपाट की उतार? कोणता गिअर आणि साधारण किती वेग? टाकीत पेट्रोल किती होतं, आणि शेवटचं कुठे भरलं? एसी चालू होता का? पेट्रोलवर की गॅसवर? धक्का एकदाच की तालात, "धक… धक… धक"? आणि किती वेळाने आपोआप गेलं?

आठ-दहा नोंदी झाल्या की वही स्वतःच बोलायला लागते. टाकी पाव असतानाच होत असेल तर पंपाची जाळी, टाकीच्या तळाचा गाळ. खड्ड्यातून गेलं की होत असेल तर बॅटरीचं टर्मिनल, अर्थिंगची पट्टी, एखादा सैल कनेक्टर. एसी लागला की होत असेल तर इंजिन आधीच अशक्त आहे आणि एसीचा भार त्याला पेलवत नाही. एका शिक्षिका बाईंच्या वहीत नऊपैकी आठ नोंदी "सकाळी, गाडी धुतल्यानंतर" अशा होत्या. गाडी धुणारा मुलगा बॉनेट उघडून पाइपने पाणी मारत होता. डेल्कोचं, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडून, पुसून, वाळवून बसवलं आणि पाणी मारणं बंद केलं. त्यापुढे काही करावं लागलं नाही.

सपाटीला ठीक, पण चढावर वरच्या गिअरला धक्के का मारते?

हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडवायला किती व्होल्ट लागतील हे सिलिंडरमधल्या दाबावर ठरतं. आयडलिंगला आत हवा थोडी असते, साधारण आठ-दहा हजार व्होल्टमध्ये भागतं. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की सिलिंडर गच्च भरतं, दाब वाढतो, आणि तीच ठिणगी उडवायला वीस हजारांच्या वर व्होल्ट लागतात. कॉइल, म्हणजे बॅटरीच्या करंटचे व्होल्ट वाढवणारा भाग, ते देतेही. पण वाटेत प्लगच्या वायरला बारीक चीर असेल, डेल्कोच्या झाकणाला तडा असेल किंवा प्लगची फट झिजून मोठी झाली असेल, तर करंट अवघड वाट सोडतो आणि सोपी धरतो. सिलिंडरमध्ये न उडता तो बाहेरच्या बाहेर बॉडीला उडतो. आयडलिंगला प्लगची वाट सोपी, चढावर चिरेची वाट सोपी. गॅरेजमध्ये गाडी उभी असते, भार नसतो, म्हणून तिथे काहीच दिसत नाही. नुसती रेस देऊनही दिसत नाही, कारण रेस म्हणजे भार नव्हे.

एका जुलैत वैभववाडीचे एक गृहस्थ २००३ सालची चार सिलिंडरची गाडी घेऊन आले. करूळ घाट चढताना, तोही पावसात, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला धक्के मारायची. गगनबावड्याला वर आलं की धक्के बंद, कोल्हापूरपर्यंत पुन्हा काही नाही. आधी दोन ठिकाणी दाखवून प्लग, फिल्टर आणि शेवटी पेट्रोलचा पंप बदलून झाला होता. पंपाचा खर्च ऐकून मला वाईट वाटलं, कारण पेट्रोल कमी पडणारी गाडी शक्यतो पावसाची वाट बघत नाही.

मी गाडी रात्रभर ठेवून घेतली. साडेआठला शेडमधले सगळे दिवे बंद केले, गाडी चालू केली आणि न्हाव्याकडे असतो तसल्या फवाऱ्याने प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक तुषार मारला. पहिली, दुसरी, काही नाही. तिसरी वायर ज्या लोखंडी पट्टीला टेकून गेली होती तिथे निळा धागा दिसायला लागला, शिवणाच्या दोऱ्याएवढा, आणि त्याच्याबरोबर "टक् टक् टक्" असा कोरडा आवाज. इंजिन लगेच लंगडं झालं. गाडी बंद करून वायर हातात घेतली तर दिवसा दिसणारच नाही असं एक छिद्र होतं, टाचणीच्या टोकाएवढं, भोवती राखाडी ठिपका. वर्षानुवर्षं पट्टीवर घासून पडलेलं. वायरींचा एक सेट बदलला आणि नवीन वायर पट्टीपासून दूर बांधली. त्या गाडीचं मिसिंग तिथेच थांबलं.

ही फवाऱ्याची परीक्षा मी घरी करू शकतो का?

करू शकता, पण तुषार म्हणजे तुषार, पाण्याची धार नको. चालू गाडीत वायरींना हात लावू नका. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवा, ओढणी किंवा सैल बाही पंख्यात-पट्ट्यात जाऊ शकते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने उघड्या बॉनेटजवळ उभं राहू नये. ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते त्यांत वायरीच नसतात, तिथे ही परीक्षा फारशी उपयोगाची नाही.

प्लग काढून बघितला तर काय कळतं?

पुष्कळ. इंजिन पूर्ण गार झाल्यावर काढा, आधी भोवतीची धूळ फुंकून घ्या, आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे क्रमाने मांडून ठेवा. चारही एका रांगेत ठेवले की वेगळा दिसणारा लगेच डोळ्यात भरतो.

टोक फिकट तपकिरी असेल तर ते सिलिंडर बरं चाललंय. कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा करंट कमी. चकचकीत ओला काळा थर आणि बोटाला तेल लागलं तर ऑइल आत येतंय. पांढराफटक, चुन्यासारखा असेल तर मिश्रण पातळ होतंय, म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. तीन प्लग तपकिरी आणि एकच अगदी स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा असेल तर रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते बघा. हेड गॅस्केटमधून पाणी त्या सिलिंडरमध्ये जात असू शकतं.

आता जे बहुतेक जण बघत नाहीत ते. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, बाहेरच्या बाजूला, पेन्सिलने ओढल्यासारखी एखादी बारीक काळी रेघ आहे का? करंट बाहेरून पळत होता याची ती खूण. असा प्लग पुसून परत लावू नका, आणि त्याच्या टोपीच्या आतही तशीच रेघ असते, म्हणून टोपी किंवा वायरही बदला. नुसता प्लग बदलला तर जुनी टोपी नव्या प्लगला तीच रेघ पाडते. धातूला लागून गोल तपकिरी डाग असेल तर मात्र घाबरू नका, तो नेहमीचा असतो.

काही इंजिनांत प्लग खोल विहिरीत बसतात. तिथे वरच्या कव्हरच्या सीलमधून ऑइल झिरपून विहीर भरते आणि टोपीचं रबर फुगतं. प्लग काढायच्या आधी ते ऑइल कपड्याने टिपून घ्या, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये जातं. बसवताना पहिले आटे हाताने फिरवा. हेड अॅल्युमिनियमचं असतं, वाकडा आटा बसला की पन्नास रुपयांचं काम हजारांवर जातं.

गरम झाल्यावर मिसिंग सुरू होतं, वीस मिनिटं थांबलं की गाडी पुन्हा ठीक. हे काय?

उष्णतेने बिघडणारा इलेक्ट्रिकल भाग. कॉइलच्या आतली तार तापून फुगते आणि कुठेतरी तुटक होते, गार झाली की परत जुळते. इग्निशन मॉड्यूल (कॉइलला चालू-बंद करणारा भाग) आणि क्रँक सेन्सर (इंजिन कुठे फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा) हे दोघे असंच वागतात. क्रँक सेन्सर असेल तर बऱ्याचदा आरपीएमचा काटा एकदम शून्याकडे पडतो आणि गाडी बंदच होते, नुसती लंगडत नाही. काट्यावर नजर ठेवा.

पकडायचं कसं? मिसिंग सुरू झालं की गाडी बंद करून संशयित कॉइलवर ओला, पिळलेला कपडा बाहेरून धरून ती गार करायची, कनेक्टरला पाणी न लावता, आणि कपडा काढून गाडी पुन्हा चालू करायची. सुधारलं तर गुन्हेगार सापडला. मीटरने गार कॉइल मोजून "ओके" म्हणण्याला फार अर्थ नाही, गरम असतानाच मोजावी लागते.

कार्ब्युरेटरच्या (इंजेक्टरऐवजी पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग) गाडीत एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोलची वाफ पाइपमध्ये अडकूनही असंच होतं. पाइप सायलेन्सरच्या बाजूला टेकलाय का ते आधी बघा.

आयडलिंगला थरथरते, पळायला लागली की छान. कुठे बघू?

हवा चोरून आत येतेय का ते. व्हॅक्यूमचे जुने रबरी पाइप टोकाशी चिरतात. आयडलिंगला इंजिन हवा थोडी घेतं, म्हणून चोरीची तेवढीशी हवाही मिश्रण बिघडवते. वेग वाढला की ती सगळ्यात मिसळून जाते. इंजिन चालू ठेवून एकेक पाइप चिमट्याने दाबा. ज्याने आयडलिंग सुधारेल तो पाइप. काही जण कार्ब्युरेटर क्लीनर किंवा पेट्रोल फवारून शोधतात. गरम सायलेन्सरशेजारी ते पेटतं. माझ्या गॅरेजमध्ये मी ते कुणाला करू देत नाही.

पाइप सगळे ठीक असतील तर टॅपेट, म्हणजे वाल्व्हच्या वरची फट, तपासा. टाइट टॅपेटने गरम झाल्यावर वाल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडलिंगलाच पहिल्यांदा कळतं. वाजणाऱ्या टॅपेटची लोक तक्रार करतात, पण वाल्व्ह जाळतो तो न वाजणारा, टाइट टॅपेट.

सीएनजीवर मिस मारते, पेट्रोलवर नाही. मग गॅस किटचा दोष ना?

तसंच नाही. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून थकलेला प्लग आणि अशक्त कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडतात, पेट्रोलवर काही महिने झाकली जातात. किटवाल्याकडे जाण्याआधी प्लग आणि वायरी बघा. प्लगची फट किटच्या पुस्तिकेत पेट्रोलपेक्षा थोडी कमी सांगितलेली असते, ती तशी ठेवा. मग गॅसचा फिल्टर, रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅस इंजेक्टर.

वर्षानुवर्षं फक्त गॅसवर चालणाऱ्या जुन्या इंजिनात वाल्व्हच्या सीट झिजून वाल्व्ह वर सरकतो आणि टॅपेट आपोआप टाइट होत जातं. अशा गाडीचं टॅपेट वेळच्या वेळी बघायलाच हवं. सीट फार झिजली असेल तर हेड उतरवून कामाला पाठवावं लागतं. आमच्याकडे ते शिवाजी उद्यमनगरात होतं, तिथल्या मशीनवाल्यांचा हात या कामात बसलेला आहे.

ई-२० पेट्रोलमुळे असं होतं का?

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. थेट होतंच असं म्हणता येणार नाही, पण जुन्या गाडीत कारण ठरू शकतं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर ते काही मर्यादेपर्यंत सांभाळून घेतो. दुसरं, इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत तळाला पाण्याचा थर जमू शकतो. आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचे पाइप या मिश्रणासाठी बनलेलेच नव्हते. पाइप मऊ, चिकट लागत असतील तर बदला, मिसिंग असो वा नसो. पेट्रोल गळणं ही आगीची गोष्ट आहे.

स्कॅनर लावला, पण कोड काहीच नाही. म्हणजे दोष नाही?

कोड नाही म्हणजे कॉम्प्युटरने नोंद केली नाही, एवढंच. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची व्यवस्था, २०१० पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि मिसिंग नीट ओळखणारा पुढचा टप्पा २०१३ पासून. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांचा कॉम्प्युटर मिसिंग मोजतच नाही. मोजणाऱ्या गाडीत पी०३०० म्हणजे कुठलंही सिलिंडर, पी०३०१ पहिलं, पी०३०२ दुसरं, असं वाचायचं.

कोड एका सिलिंडरचा आला तर लगेच खरेदीला धावू नका. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर लावा आणि चार दिवस चालवा. कोडही शेजारी सरकला तर कॉइल वाईट. तिथेच राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टरची. यात खर्च शून्य.

कोणतं सिलिंडर मारत नाही हे स्कॅनरशिवाय कसं ओळखायचं?

एकेक सिलिंडर मुद्दाम बंद करून. इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा कनेक्टर काढा. चालणारं सिलिंडर बंद केलं की इंजिन लगेच खाली बसतं. ज्याचा कनेक्टर काढून काहीच फरक पडला नाही ते मुळात मारतच नव्हतं. प्लगची वायर चालू गाडीत ओढायची जुनी पद्धत सोडा. झटका बसतो, कॉइलवर ताण येतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जातं.

उंदराने वायर खाल्ली असेल का?

पावसाळ्यात उभी असलेली गाडी असेल तर नक्की बघा. इंजेक्टरच्या बारीक वायरी त्यांना आवडतात. लेंड्या, शेंगांची टरफलं, कुरतडलेला फोम दिसला की समजायचं.

कॉम्प्रेशन कधी तपासावं?

करंट आणि पेट्रोल दोन्ही बघून झाल्यावर, किंवा प्लग ऑइलने ओला निघाला तर लगेच. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली, पेट्रोल आणि इग्निशन बंद. बहुतेक जुन्या पेट्रोल इंजिनांत १० ते १३ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) येतं. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा, एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर दोष आहे. त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर पिस्टनच्या रिंग, तसंच राहिलं तर वाल्व्ह. शेजारची दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट.

तशीच चालवली तर काय होईल?

चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर हळू चालवत घरी जा. दिवा लुकलुकत असेल तर पाय सोडा आणि शक्य तितक्या लवकर थांबा. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. मग सायलेन्सर तुंबतो, गाडी चढच चढत नाही. सुक्या गवतावर अशी गाडी उभी करू नका. पीयूसीलाही हायड्रोकार्बनचा आकडा वर येतो. सिलिंडरमध्ये राहिलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून मिसिंग दुरुस्त झाल्यावर ऑइलची काडी हुंगून बघा. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला.

गॅरेजमध्ये गाडी देताना काय सांगू?

"सर्व्हिसिंग करून टाका" असं सांगू नका. वही द्या. "मला मिसिंग दाखवा, मग पार्ट बदला" असं सांगा, आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत मागा. सकाळच्या गार इंजिनात होत असेल तर गाडी आदल्या रात्री ठेवून या, म्हणजे सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिक स्वतः मारेल. चढावर होत असेल तर त्याला शेजारी बसवून तुम्ही त्या चढावर न्या, त्याच गिअरला, त्याच वेगाने. मी अशा गाड्यांसाठी पन्हाळ्याचा रस्ता वापरतो.